कराटेच्या इतक्या संघटना का, आणि खरी कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की चौकाचौकात कराटे वर्गांचे फलक लागतात. बहुतेक फलकांवर ‘राष्ट्रीय महासंघाशी संलग्न’ असे लिहिलेले असते आणि महासंघाचे नाव दर फलकावर वेगळे असते. पालक, नवे प्रशिक्षक आणि अधूनमधून मुख्याध्यापकही त्यावरून जे विचारतात, त्याची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. काही ठिकाणी माझे मतही आले आहे. ते मत म्हणूनच वाचावे.

भारतात कराटेची अधिकृत राष्ट्रीय संघटना कोणती?

कोणी एका दमात एकच नाव सांगितले, तर त्याला विचारा, ‘अधिकृत म्हणजे कोणाच्या लेखी?’ मान्यता देणारे तिघे आहेत आणि तिघांचे निर्णय वेगवेगळे होतात. पहिली वर्ल्ड कराटे फेडरेशन. तिचे मुख्यालय माद्रिदला असून ती एका देशातून एकाच राष्ट्रीय संघटनेला सदस्यत्व देते. दुसरी भारतीय ऑलिम्पिक संघटना आणि तिसरे केंद्रीय क्रीडा मंत्रालय.

कराटे असोसिएशन ऑफ इंडिया ही बरीच वर्षे या व्यवस्थेतली संघटना होती. २०२० मध्ये ते चित्र बदलले. आज वर्ल्ड कराटे फेडरेशनचे भारतातले सदस्यत्व कराटे इंडिया ऑर्गनायझेशनकडे आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या नावाने खेळायचे असेल, तर प्रवेशिका त्यांच्यामार्फत जाते. पण जागतिक महासंघाचे सदस्यत्व मिळाले म्हणजे मंत्रालयाची मान्यता आपोआप मिळाली, असे होत नाही. मंत्रालय मान्यताप्राप्त महासंघांची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकते आणि ती बदलत राहते. संघटनेच्या माहितीपत्रकात छापलेला जुना मान्यतापत्राचा फोटो पाहून समाधान मानू नका. त्या दिवशीची यादी उघडून पाहा.

२०२० मध्ये नेमके काय झाले?

त्या वर्षाच्या सुरुवातीला भारतीय ऑलिम्पिक संघटनेने कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता काढून घेतली. जूनमध्ये वर्ल्ड कराटे फेडरेशननेही तिची संलग्नता थांबवली. कारण नियमभंगाचे दिले गेले आणि पदाधिकाऱ्यांमधली गटबाजी तोवर चव्हाट्यावर आलेली होती. एका खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने सहा महिन्यांत वरची दोन्ही छत्रे गमवावीत, हे भारतीय क्रीडाक्षेत्रातही रोजचे नाही.

भुर्दंड पडतो तो खेळाडूवर. पदाधिकारी कोर्टात जाऊ शकतो, नवी संस्था काढू शकतो. सतरा वर्षांच्या मुलीचा कनिष्ठ गटातला एक हंगाम गेला की तो गेलाच. पुढच्या वर्षी तिचा वयोगट बदललेला असतो.

शैली खूप, म्हणून संघटना खूप, असेच ना?

असे सगळे म्हणतात. मला ते अर्धेच पटते.

कराटे ओकिनावातून आले आणि तिथे एकच एक संस्थापक नव्हता. ज्युदोला जिगोरो कानो होते आणि त्यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेले कोदोकान हे ज्युदोचे मुख्य केंद्र होते. कराटेत प्रत्येक गुरूची परंपरा वेगळी. जपानच्या मुख्य भूमीवर त्यातल्या चार शैली ठळक झाल्या: शोतोकान, गोजू-रियू, शितो-रियू आणि वादो-रियू. भारतात हे सगळे १९७०च्या दशकात एकेका शिक्षकाच्या हाताने आले. मुंबईत परवेझ मिस्त्री यांच्यासारख्यांनी गोजू-रियू रुजवले, तर इतर शहरांत इतरांनी आपापल्या शैली. प्रत्येकाचा धागा जपानातल्या वेगळ्या गुरूशी जोडलेला होता. त्यामुळे सुरुवातीपासूनच खालून वर चढणारी एक संघटना नव्हती. वरून खाली लोंबणारे अनेक दोर होते.

पण शैली अनेक असूनही संघटना एक असू शकते, हे खुद्द जपानने दाखवले. १९६४ मध्ये तिथे सगळ्या प्रमुख शैलींना एका छत्राखाली आणणारी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिला आज आपण जपान कराटे फेडरेशन म्हणतो. १९६९ मध्ये तिने पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली. १९७२ मध्ये देशाच्या हौशी क्रीडा संघटनेत तिला प्रवेश मिळाला. १९८१ मध्ये कराटे जपानच्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात आले. म्हणजे एकत्र येण्यापासून राष्ट्रीय खेळ म्हणून बसायला सतरा वर्षे लागली, तीही कराटेच्या माहेरी.

जपानने शैलींचे भांडण मिटवले कसे?

मिटवले नाही, बाजूला ठेवले. शोतोकानवाल्याला गोजू-रियू शिकायला कोणी सांगितले नाही. कुमितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष लढतीसाठी, एक नियमावली झाली. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम. त्याच्या बाबतीत प्रश्न जास्त नाजूक होता, कारण एकच काता दोन शैलींत वेगळ्या उंचीच्या पवित्र्याने आणि वेगळ्या लयीत करतात. मग पंच कोणते बरोबर धरणार?

त्यावरचा तोडगा पाहण्यासारखा आहे. चारही शैलींमधून प्रत्येकी दोन काता ‘नेमून दिलेले’ म्हणून ठरवले गेले. शोतोकानचे जिऑन आणि कांकू-दाई, गोजू-रियूचे साईफा आणि सेईपाई, शितो-रियूचे बासाई-दाई आणि सेईएंचिन, वादो-रियूचे सेईशान आणि चिंतो. सुरुवातीच्या फेरीत खेळाडूने आपल्या शैलीतला नेमलेला काता करायचा. पंचाला आठही काता त्या त्या शैलीच्या मापाने ओळखता आले पाहिजेत. ओझे पंचावर टाकले, खेळाडूला त्याची शैली सोडायला लावली नाही. हे नेमलेले काता पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही बरीच वर्षे चालले.

या रचनेची कसोटी नंतर लागली. शोतोकानची सर्वांत मोठी संस्था, जपान कराटे असोसिएशन, तिचे प्रमुख प्रशिक्षक मासातोशी नाकायामा १९८७ मध्ये वारल्यावर फुटली. नाव आणि पदे कोणाची, यावर नव्वदच्या दशकात खटला चालला आणि १९९९ मध्ये तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. एवढ्या मोठ्या फुटीतही राष्ट्रीय महासंघ आणि राष्ट्रीय स्पर्धा चालू राहिल्या. शैलीची संस्था आणि खेळाची संस्था या दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या होत्या, म्हणून. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच माणूस शैलीचा प्रमुखही असतो आणि जिल्हा संघटनेचा सचिवही. तो रुसला की त्याच्या बेल्टवाल्या शंभर मुलांसकट जिल्हाच बाहेर पडतो.

तायक्वांदोला जमले, ते कराटेला का जमले नाही?

दक्षिण कोरियात सरकार मागे उभे होते. तिथल्या वेगवेगळ्या प्रशिक्षण घराण्यांना एकत्र आणून १९७२ मध्ये कुक्कीवॉन उभारले आणि पुढच्याच वर्षी जागतिक तायक्वांदो महासंघ. दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या श्रेणी, यांचे प्रमाणपत्र देणारे केंद्र एक झाले आणि जुन्या घराण्यांची वेगळी ओळख जवळजवळ पुसली गेली. तरी तिथेही १९६६ मध्ये स्थापन झालेला दुसरा आंतरराष्ट्रीय महासंघ वेगळा राहिलाच. कराटेला कुक्कीवॉन कधी मिळाले नाही. कराटेवाल्यांना ते नकोच होते, असेही म्हणता येईल.

जागतिक पातळीवर तरी एकी आहे का?

खेळापुरती आहे. १९७० मध्ये टोकियोत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हाच वर्ल्ड युनियन ऑफ कराटे-दो ऑर्गनायझेशन्स ही संघटना स्थापन झाली. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला मान्यता दिली. पण हिदेताका निशियामा यांच्या पारंपरिक कराटे महासंघाशी एकीकरणाची बोलणी फिसकटली आणि मान्यतेचाच घोळ झाला. संघटनेने वर्ल्ड कराटे फेडरेशन हे नवे रूप घेतले आणि १९९९ मध्ये मान्यता परत मिळाली. २००५ आणि २००९ मध्ये ऑलिम्पिकचे दार हुकले. शेवटी टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ५ ते ७ ऑगस्ट २०२१ या तीन दिवसांत, बुदोकानमध्ये कराटेची आठ सुवर्णपदके दिली गेली. पॅरिसमध्ये कराटे नव्हते. लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमातही नाही.

म्हणजे फुटीमुळेच कराटे ऑलिम्पिकमधून गेले?

कट्ट्यावर असेच सांगतात, पण पॅरिसच्या आयोजकांनी ब्रेकिंग, स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि क्लाइंबिंग निवडले ते तरुण प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून. संघटनांची संख्या मोजून नव्हे. नव्वदच्या दशकात फुटीने नुकसान केले, हे खरे.

टोकियोने मात्र एक वेगळी अडचण जगासमोर आणली. ७५ किलोवरील पुरुष गटाच्या अंतिम लढतीत गुणांत पुढे असलेल्या सौदीच्या तारेग हमेदीची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर बसली. गंजजादेह बेशुद्ध पडला, त्याला स्ट्रेचरवरून नेले आणि नंतर सुवर्णपदक त्यालाच मिळाले. नियमाप्रमाणे प्रहारावर नियंत्रण हवे. ते नव्हते, म्हणून हमेदी बाद झाला. घरी टीव्हीवर पाहणाऱ्याला हे कसे समजावणार? पूर्ण ताकदीने प्रहार करणाऱ्या क्योकुशिन शैलीचा माणूस म्हणाला, ‘हे कराटेच नाही.’ जुना शोतोकानवाला म्हणाला, ‘नियंत्रण हेच कराटे.’ नियम एक झाला तरी कराटे कशाला म्हणायचे यावर एकमत नाही, हे त्या एका लाथेने दाखवून दिले.

सरकारने सरळ आदेश काढून सगळ्यांना एकत्र का आणू नये?

कारण संघटना काढण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) मध्येच आहे. कोणालाही कराटेची संस्था काढण्यापासून अडवता येत नाही. सरकार फक्त मान्यता, निधी आणि सवलती कोणाला द्यायच्या, हे ठरवू शकते. दुसरी अडचण बाहेरची. आंतरराष्ट्रीय महासंघांना बाहेरचा हस्तक्षेप चालत नाही. २०१२ ते २०१४ या काळात भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित होती आणि सोची हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला ल्यूज (बर्फावरची घसरगाडी) खेळाडू शिव केशवन तिरंग्याऐवजी ऑलिम्पिक ध्वजाखाली चालला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले, तेही बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून.

२०२५ च्या क्रीडा कायद्याने काय बदलेल?

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला. त्याआधी २०११ ची क्रीडा संहिता होती, पण ती कायदा नव्हती. नव्या कायद्यात मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंट्यांसाठी क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र पॅनेल आहे. कार्यकारिणी पंधरा जणांपेक्षा मोठी नको, त्यात किमान चार महिला हव्यात आणि नामवंत खेळाडूंना जागा हवी.

कराटेच्या दृष्टीने सर्वांत कामाची तरतूद मला वेगळीच वाटते. क्रीडा संस्थेला नावात ‘इंडिया’, ‘इंडियन’, ‘नॅशनल’ असे शब्द किंवा राष्ट्रीय चिन्हे वापरायची, तर केंद्र सरकारचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. ही तरतूद खरोखर राबवली, तर निम्मे फलक रंगवून बदलावे लागतील. न्यायाधिकरणाचाही उपयोग होईल. निवडीचा वाद वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयात पडून राहण्यापेक्षा काही महिन्यांत सुटला, तरी खेळाडूचा हंगाम वाचेल.

आमच्या वर्गाची संस्था नोंदणीकृत आहे. मग मान्यताप्राप्तच ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त पैसे घालवतो. महाराष्ट्रात सात जण एकत्र आले, की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवू शकतात. नोंदणी क्रमांक म्हणजे संस्था अस्तित्वात आहे, एवढाच पुरावा. ती जिल्ह्याचे, राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करते, हे धर्मादाय आयुक्त ठरवत नाहीत.

फूट कशी पडते, हेही याच कार्यालयात दिसते. पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, दाखल करावा लागतो. भांडण झाले की दोन्ही गट आपापली सभा घेतात, आपापले इतिवृत्त लिहितात आणि एकाच संस्थेचे दोन चेंज रिपोर्ट दाखल होतात. निकाल लागेपर्यंत दोघेही अध्यक्ष, दोघांचेही शिक्के चालू. गणेश मंडळ फुटल्यावर एकाच गल्लीत दोन मांडव पडतात, तसेच इथे एकाच जिल्ह्यात दोन ‘जिल्हा अजिंक्यपद’ स्पर्धा होतात आणि पालक दोन्हीकडे प्रवेश फी भरतात.

कोणत्या प्रमाणपत्राला दहावीचे वाढीव गुण किंवा नोकरीतले आरक्षण मिळते?

दोन मार्ग वेगळे धरा. शालेय क्रीडा स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय भरवते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती वर चढते आणि पुढे स्कूल गेम्स फेडरेशनच्या राष्ट्रीय स्पर्धेला जाते. शाळेमार्फत नाव जाते, प्रमाणपत्र शासनाचे मिळते. संघटनांच्या भांडणाची झळ इथे सर्वांत कमी लागते. शाळकरी मुलासाठी मी हाच मार्ग आधी सांगेन.

दुसरा मार्ग संघटनांच्या स्पर्धांचा. शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून घ्यावे लागते. तिथे पदकाचा रंग बघण्याआधी आयोजक संघटना कोणती आणि त्या तारखेला तिला कोणाची मान्यता होती, हे बघतात. अटी शासन निर्णयांत असतात आणि सुधारल्या जातात. म्हणून ताजा जीआर काढून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.

प्रमाणपत्र हातात आले की त्याची सजावट विसरून चार गोष्टी वाचा: आयोजक संस्थेचे पूर्ण नाव, स्पर्धेची तारीख, वजनगट, आणि त्या गटात किती खेळाडू होते. पाच-सहा बोधचिन्हे, सोनेरी सील आणि खाली तीन सह्या असलेल्या कागदावर अनेकदा वजनगटाची जागा कोरी असते. ज्या गटात दोघेच होते, त्यातले रौप्यपदकही चकाकतेच.

वर्तमानपत्रात ‘राष्ट्रकुल कराटे स्पर्धेत सुवर्ण’ असे येते. ते काय?

राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांमध्ये कराटे नाही. राष्ट्रकुल देशांच्या कराटे महासंघाची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा असते, ती वेगळी. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये मात्र १९९४ च्या हिरोशिमापासून कराटे आहे. ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाला तर काहीच लागत नाही. शेजारच्या देशातून दोन खेळाडू आले, तरी फलकावर ते छापता येते.

ब्लॅक बेल्ट सरकारमान्य असतो का?

नसतो. बेल्ट शैली देते, गुरू देतो. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या स्पर्धेत तर खेळाडू आपला बेल्ट बांधतच नाही, एकजण लाल आणि दुसरा निळा बांधतो. ‘सरकारमान्य ब्लॅक बेल्ट’ म्हणून जादा शुल्क मागितले तर देऊ नका.

क्योकुशिन किंवा पारंपरिक कराटे करणाऱ्यांनीही राष्ट्रीय महासंघात यावे का?

देशाकडून वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांनी खेळायचे असेल तरच. नसेल तर त्यांच्या स्वतःच्या संघटना आणि स्पर्धा आहेत, आणि तिथे उत्तम कराटे होते. त्यांना ‘बोगस’ म्हणणे हा मला कोतेपणा वाटतो. फक्त त्यांनीही आपल्या स्पर्धेला भारताची निवड चाचणी म्हणू नये.

एकीकरण करायचेच झाले, तर सुरुवात कुठून?

निवड चाचणी सर्वांना खुली करण्यापासून. कोणत्याही संस्थेचा, कोणत्याही शैलीचा खेळाडू वजन, वय आणि वैद्यकीय कागद घेऊन आला, की त्याला टाटामीवर, म्हणजे लढतीच्या मॅटवर, उतरू द्यायचे. ‘आमच्या संस्थेचे सदस्यत्व घ्या, मग खेळा’ ही अट निघाली, तर निम्मी भांडणे विरतील, कारण ती भांडणे त्या सदस्यत्व शुल्काचीच आहेत. त्यानंतर पंच. लढतीतल्या खेळाडूच्या वर्गाशी संबंध असलेल्या पंचाला त्या लढतीत उभे करायचे नाही आणि निकाल त्याच संध्याकाळी जाहीर करायचे. पदांची वाटणी सगळ्यात शेवटी करावी. आपल्याकडे एकीकरणाची प्रत्येक बैठक अध्यक्ष कोण, यापासून सुरू होते आणि तिथेच संपते.

आमच्या सरांची संघटना फुटली. मुलाचा वर्ग बदलावा का?

सर चांगले शिकवत असतील तर बदलू नका. मुलाचा डोजो, म्हणजे सरावाचा वर्ग, आणि मुलाची स्पर्धा एकाच संस्थेत असलीच पाहिजे, असा नियम नाही. शालेय स्पर्धेचा अर्ज शाळेतून जातोच. संघटनेच्या स्पर्धेपुरते, ज्या वर्षी खेळायचे त्या वर्षी मान्यता कोणाकडे आहे ते पाहून जिल्ह्यातल्या त्या संघटनेत खेळाडू म्हणून वैयक्तिक नोंदणी होते का, ते लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सर ‘तिकडे खेळलास तर बेल्ट परीक्षेला बसू देणार नाही’ म्हणाले, तर मात्र नवा वर्ग शोधायला लागा. मूल काता विसरत नाही. नव्या ठिकाणी एक-दोन श्रेणी खालून सुरू करावे लागले, तरी वर्षभरात ते भरून निघते.